उपास कुणी सांगितला?

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

आज माझ्या कानडीनं पहिल्यांदा नोकरी केली.

सकाळी खालून शिवराजचा फोन आला. शिवराज म्हणजे धाराशिवच्या आमच्या कर्करोग केंद्रात मशीनवर किरणांचा शेक देणारा तंत्रज्ञ. "मॅडम, जरा खाली येता का? मुरुमची बाई आहे. मराठी समजतंय, पण हूं का चूं करंना." खाली गेले तर चन्नम्माक्का बाकावर पदर गळ्याशी घट्ट धरून बसलेल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, अन्ननलिकेत गाठ. घास अडकतो म्हणून दोन महिने घरीच काढे पीत बसल्या, आणि आता पातळ सोडलं तर काही उतरत नाही. शेजारी नवरा, वीरप्पाकाका. मुरुमला धान्याची आडत, कपाळाला भस्माचे ठसठशीत पट्टे.

शिवराजचं म्हणणं साधं होतं. शेक छातीवर द्यायचा, तर गळ्यात काही नको. मी कानडीत सुरुवात केली आणि बाईचा चेहराच उजळला. "नीव नम्मवरेन?" म्हणाल्या. तुम्ही आमच्यातल्याच का? म्हटलं, तर काय, अणदूरची आहे मी, लिंगायताचीच पोरगी. मग फटाफट सांगून टाकलं: उद्यापासून गळ्यातलं सगळं घरीच काढायचं, देवघरात ठेवायचं आणि मग यायचं. इथं आणलं की हरवतं, वर मशीनला चालत नाही. त्यांनी विचारलं, "सगळं?" म्हटलं, सगळं. त्यांनी काकांकडं पाहिलं, काकांनी माझ्याकडं पाहिलं, आणि दोघांनी मान डोलावली. आज फक्त मापं घ्यायची होती. तेवढ्यापुरतं पदराआडून काहीतरी सोडून त्यांनी काकांच्या रुमालात दिलं आणि आत गेल्या.

दोन मिनिटांचं काम. शिवराज म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर जादूच केली." मी म्हटलं, शिकून ठेव.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

बैठकीचा वार. डॉ. गौरीशंकर सर टेबलाच्या त्या टोकाला, मी ह्या टोकाला, मधे नर्स वर्षाराणी आणि शिवराज. सर आमचे कर्करोगतज्ज्ञ, केंद्राचे प्रमुखही तेच. मला घेतलं तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "शिवांजली, तुमचं काहीही माझ्या औषधाच्या आड आलं, तर ह्या बैठकीत तुमची खुर्ची राहणार नाही." मला ते पटलं होतं. अजूनही पटतं. साडेपाच वर्षं घासून निसर्गोपचाराची पदवी घेतली, तरी गावात लोक मला मातीवाल्या मॅडमच म्हणतात. माती मी इथं कुणाला लावतसुद्धा नाही. शेक घेतलेल्या कातडीला माती लावली तर सालटं निघतील.

माझं काम वेगळं. गाठीशी भांडायचं ते सरांच्या औषधानं आणि शिवराजच्या मशीननं. ते भांडण सोसायला माणूस उभा ठेवायचा, तो मी: खाणं, पाणी, झोप, श्वास, तोंड आलं तर गुळण्या, पाय जड झाले तर कोमट पाण्याची बादली. आणि लोक गुपचूप काय काय घेतात ते गोडीगुलाबीनं काढून घ्यायचं. अक्कांकडून आज गुळवेलीचा काढा आणि कसली तरी हिरवी पूड निघाली. दोन्ही बंद केलं. औषध चालू असताना लिव्हरवर आणखी ओझं कशाला?

सर म्हणाले, "छान." सहा महिन्यांत पहिल्यांदा! वर्षाराणीनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

एक गृहस्थ सकाळीच आले, हातात वडिलांचे रिपोर्ट. "मॅडम, ते सुईचं औषध नको. तुमचं काहीतरी नैसर्गिक द्या, बाबा बरे होतील." मी रिपोर्ट वाचले आणि त्यांना हाताला धरून सरांच्या दाराशी नेऊन बसवलं. म्हटलं, आधी तिथं, मग माझ्याकडं. माझ्याकडं गाठ विरघळवणारं काही नाही, आणि कुणाकडं आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्या दारात उभं राहू नका. माणूस जरा रुसला. रुसू दे. आत तर गेला!

अक्कांसाठी नाचणीची आंबील केली होती, ताक घालून, अगदी पाण्यासारखी पातळ. पेला हातात दिला, तर त्यांनी ती पिशवीतल्या डब्यात ओतून घेतली. "घरी जाऊन घेते." म्हटलं, अहो इथं दोन घोट घ्या. नुसत्या हसल्या. लाजतात बिचाऱ्या. गिळताना ठसका लागतो, चारचौघांत नको वाटत असेल.

मुरुमहून रोज एसटीनं येणं-जाणं म्हणजे अर्धा दिवस बसमधे. आमच्या आवारात पेशंटसाठी खोल्या आहेत, मोफत. म्हटलं राहा. "ब्याड," म्हणाल्या. नको म्हणजे नको. काकांचा जीव आडतीत अडकलाय, दुसरं काय!

गुरुवार, २१ नोव्हेंबर

काल मतदान, केंद्र बंद. मी अणदूरला जाऊन मत टाकलं आणि आईच्या हातचं दोन वेळ जेवून आले.

आज अक्कांचं वजन घेतलं तर काटा किंचित वर! वर्षाराणी म्हणाली, "मॅडम, तुमची आंबील लागू पडली." म्हटलं, मग काय तर! सोमवारीही असंच झालं होतं. शनिवार-रविवार घरी विश्रांती झाली की बाई टवटवीत दिसते, आणि शुक्रवारपर्यंत पुन्हा कोमेजते. ह्या एसटीनंच खाल्लंय त्यांना. खोलीचं पुन्हा काढलं. पुन्हा ब्याड.

काकाही वाळलेत जरा. बायकोच्या काळजीनं होणारच.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

आज बैठकीत माझी जीभ घसरली. आधी ते लिहिते, म्हणजे रात्री झोप लागेल.

अक्कांचं वजन उतरत चाललंय, आणि किडनीचा आकडा वाढलाय. सर म्हणाले, "बाई पाणीच पीत नाहीये. सलाईन किती देणार? आणि मला एक कळत नाही. गाठ मऊ पडतेय, आत्तापर्यंत गिळणं सुधारायला हवं होतं. मग खात का नाही?" मग चष्मा काढून माझ्याकडं वळले. "शिवांजली, तुमच्या शास्त्रात उपास असतो. तुम्ही तिला उपास सांगितलाय का?"

माझं डोकंच फिरलं. "सर, अन्ननलिकेच्या पेशंटला उपास सांगायला मी येडी आहे का?" तोंडातून निघून गेलं. वर्षाराणीनं टेबलाखालून माझा पाय दाबला. सर चिडले नाहीत. तेवढ्याच आवाजात म्हणाले, "तुम्ही नसेल सांगितला. पण कुणीतरी सांगितलाय."

ठरलं ते असं: पुढच्या मंगळवारपर्यंत वाट बघायची. तोवर वजन थांबलं नाही, तर भरती करून नाकातून नळी घालायची. आणि किडनी सावरली नाही तर औषध बंद, शेकही थांबवावा लागेल. शेक मधेच थांबला की गाठीला सवड मिळते, आणि ती सवड तिला मिळाली तर पुन्हा आमच्या हाती काय राहील कोण जाणे.

नळीचं मीच जाऊन अक्कांना सांगितलं. इतक्या दिवसांत ही बाई मोठ्यानं बोललेली मी ऐकलं नव्हतं. "नळी ब्याड! नळी घालणार असाल तर उद्यापासून मी येत नाही." काका म्हणाले, "बाई, तेवढं नगा करू. बाकी काय बी सांगा, आमी ऐकतो. ऐकतोयच की!"

ऐकतात कुठं? ऐकलं असतं तर वजन उतरलं असतं का? मला इतका राग आलाय की नीट लिहितासुद्धा येत नाही. सरांचा राग, अक्कांचा राग, त्या आंबिलीचासुद्धा राग.

बुधवार, २७ नोव्हेंबर

अक्कांना जिन्यात चक्कर आली. काकांनी धरलं म्हणून डोकं वाचलं. सलाईन लावलं. मी शेजारी बसून पाय चेपत होते, तर माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाल्या, "ऊट आतेन?" जेवलीस का. स्वतः काडीसारख्या झाल्यात, आणि मला विचारतात.

भीती वाटते. इथं तरी खरं लिहावं. मी सगळ्यांना छाती पुढं काढून सांगते की माझ्या कामानं माणूस उपचाराला टिकतो. ही बाई टिकली नाही, तर मी नक्की काय काम केलं? आणि सरांचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही. कुणी सांगितला असेल उपास? सासरच्या कुणी? एखाद्या बाबानं? रविवारी मुरुमला जाऊन त्यांच्या चुलीपाशीच बसते. सापडेलच. सापडला की त्या शहाण्याला असा धुते की बघत राहील.

रविवार, १ डिसेंबर

शहाणा सापडला. शहाणी.

अणदूरहून सकाळच्या एसटीनं मुरुमला उतरले. आडतीच्या मागंच घर. काकांनी "या बाई, या" म्हणून आत नेलं. अक्का नुकत्याच न्हाऊन पाटावर बसल्या होत्या. डाव्या तळहातावर इष्टलिंग, त्यावर बेलाचं पान, डोळे मिटलेले. मी उंबऱ्यापाशीच थांबले. लहानपणी आईला रोज असंच बघायचे. पूजा झाली, लिंग चांदीच्या डबीत गेलं, डबी गळ्यातल्या दोऱ्याला, पदराच्या आत. मग सून ताट घेऊन आली. गव्हाची हुग्गी, म्हणजे आमच्याकडची खीर, दूध घालून सैल केलेली.

आणि बाई जेवली! हळूहळू, एकेक घास घोळवत, पण वाटी पुसून जेवली. वर अजून मागितली.

"अक्का, हे उतरतंय तुम्हाला?"

"उतरतंय की. आठ दिवस झाले."

"मग धाराशिवात का नाही खात? मी आंबील घेऊन मागं मागं फिरते, एक घोट घेत नाही तुम्ही!"

त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "तिथं गळ्यात कुठं असतंय?"

मला तरीही कळलं नाही. काकांनी सांगितलं तेव्हा कळलं. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, कारण ते मला विसरायचं नाही.

"आवो बाई, लिंग अंगावर न्हाय तर अन्नपानी कसं घ्यायचं? सकाळी हितं देवघरात उतरवून ठेवती. संध्याकाळी आली की आंघोळ, पूजा, गळ्यात घालती, मंग पानी पिती. तवर दमलेली असती. दोन घास घेती आन् पडती. पर तुमीच सांगितलं की! सगळं काढून देवघरात ठेवून या म्हनलात. हिनं ईचारलं बी, सगळं? तुमी म्हनलात, सगळं. आमी म्हनलं, बाई आपल्यातली हाय. लिंग उतरवलं म्हंजे अन्नपानी बंद, ह्ये तिला काय सांगायला पायजे व्हय? आन् तुमी त्ये निसर्गवाले. तुमच्यात उपास असतोयच. आमाला वाटलं, ह्यो बी उपचारच हाय."

मग जरा खाली बघत म्हणाले, "एकटीनं उपाशी राहावं हे बरं दिसंना. म्हनून म्या बी दिवसभर काय खात न्हाय."

मी तिथंच, त्या स्वयंपाकघरात, रडले. अक्का घाबरून उठल्या. हुग्गीची वाटी माझ्याच हातात दिली आणि पाठीवरून हात फिरवायला लागल्या. त्यांना वाटलं मला घरचं काही आठवलं.

माझं लिंग अणदूरला आईच्या देवघरात आहे. हॉस्टेलला गेले तेव्हा काढलं, आणि त्याच दिवशी कॅन्टीनमधे दोन प्लेट इडली हाणली. पोट दुखलं नाही की मन दुखलं नाही. म्हणून "सगळं" म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं फक्त मंगळसूत्र होतं. शिवराजनं सांगितलं असतं तर त्यांनी हुज्जत घातली असती, विचारलं असतं, काहीतरी मार्ग काढला असता. मी सांगितलं म्हणून निमूट ऐकलं. आमच्यातली होते ना मी!

नळी का नको, तेही विचारलं. अक्का म्हणाल्या, "नळीनं तुम्ही मला लिंगाशिवाय जेवायला घातलं असतं. घास माझ्या हातात असला तर नको म्हणता येतं, नळीला कसं म्हणायचं?"

तीन आठवडे मी डबे भरभरून आंबील दिली, आणि उपासही मीच लावला. उद्या सरांना सांगायचं. खुर्ची जाईल तर जाऊ दे. अक्कांना मात्र लिंग देवघरात ठेवायला लावायचं नाही. त्याचं कसं करायचं ते अजून कळत नाही. मशीन काही माझं ऐकणार नाही.

सोमवार, २ डिसेंबर

सर यायच्या आधीच त्यांच्या दारात उभी होते. ते गाडीची किल्ली खिशात टाकत आले, आणि मी सुरूच केलं. "सर, तुम्ही विचारलं होतं, उपास कुणी सांगितला. मी सांगितला."

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मला वाटलं आता काढतील. त्याऐवजी विचारलं, "ते छातीवरच असावं लागतं का?"

आणि मला उत्तर माहीत नव्हतं! आमच्यातली म्हणून मिरवले, आणि एवढं साधं माहीत नाही. तेवढ्यात अक्का-काका बसमधून उतरून आलेच. लिंग घेऊन या, असं मी काल निघताना सांगितलं होतं. आज ते गळ्यातच होतं. सरांनी त्यांना समोर बसवलं. अक्का म्हणाल्या, "पूजेला तर हातातच घेते की. अंगाला लागलेलं असलं म्हणजे झालं."

सरांनी शिवराजला बोलावलं. शेक घेताना दोन्ही हात डोक्याच्या वर, मुठीत दांडी धरून ठेवतात. हात शेकाच्या वाटेत येतच नाहीत. पण शिवराज शिवराजच. "मूठ रोज सारखी पडायला पाहिजे मॅडम. हात इकडंतिकडं झाला तर छाती सरकते." अर्धा तास खटपट केली बाबानं. डबी आणि दोरा काकांकडं. नुसतं लिंग पांढऱ्या मऊ कापडात, ते डाव्या तळहाताला बांधलं, आणि बोटं मोकळी ठेवली म्हणजे दांडी नीट धरता येईल. मग मशीनवर फोटो काढून जुन्या मापाशी जुळवला, पुन्हा काढला, पुन्हा जुळवला. सर काचेमागं उभे राहून स्वतः बघत होते. शेवटी शिवराजनं अंगठा वर केला.

शेक झाला. अक्का बाहेर आल्या, लिंग गळ्यात घातलं, पदर सारखा केला, बाकावर टेकल्या आणि माझ्यापुढं हात केला. आंबील! पेला रिकामा करून दिला. मग पाणी. मग पुन्हा थोडी आंबील. वीरप्पाकाकांनी कॅन्टीनमधे पोह्यांच्या दोन प्लेटी संपवल्या, आणि तिसरीकडं बघत होते तर मीच म्हटलं, काका, बेतानं, तीन आठवड्यांचं एकदम नको!

जाताना सर म्हणाले, "उद्या बैठकीत हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचं. खुर्चीचं नंतर बघू."

बुधवार, ४ डिसेंबर

काल सांगितलं. सोपं नव्हतं, पण सांगून झाल्यावर भूक लागली. खुर्चीचा विषय कुणी काढला नाही. मी एक गोष्ट मागितली, आणि सरांनी ती लगेच दिली: इथून पुढं पेशंटला काहीही सांगितलं की विचारायचं, आता मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत मला सांगा.

आज दिवसभर तेच केलं. देवा! एका आजोबांना मी सांगितलं होतं, कच्चं दूध नको. त्यांनी मला सांगितलं, मॅडम म्हणाल्या दूध विषासारखं आहे. एका बाईला रात्री मिठाच्या पाण्यानं गुळणी सांगितली होती. ती पेलाभर मिठाचं पाणी पिऊन झोपत होती. मग सरांनीही आपल्या दोन पेशंटना विचारून पाहिलं. बाहेर आले आणि त्यातल्या एकाला लगेच पुन्हा आत बोलावलं. मला हसू मात्र दाबावं लागलं.

अक्कांचा किडनीचा आकडा खाली आला. वजनाचा काटा थांबला. नळी रद्द.

खोलीत राहायला पण तयार झाल्या आहेत. आडतीचा काही संबंधच नव्हता. लिंग घरी, म्हणून बाई घरी जात होती.

बुधवार, १८ डिसेंबर

आज अक्कांचा शेवटचा शेक झाला.

मधले दोन आठवडे लिहायला हातच लागला नाही. शेकानं आतून सोलल्यासारखं होतं, ते झालं. पाण्याचा घोटही जाळत जायचा. सरांनी जेवणाआधी घ्यायचं दुखणं मारणारं औषध दिलं. मी आंबील गार करून, चमच्याचमच्यानं, दर थोड्या वेळानं. सोबत लांब श्वास, खांदे सैल, मग गिळायचं. एकदा अक्कांनी पेला भिंतीवर मारला. एकदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडल्या. पण एक दिवस चुकवला नाही, आणि शेकही एक दिवस थांबला नाही. सरांचं औषध आणि माझा चमचा, दोन्ही लागलं. कुणाचं किती, ह्यावर भांडायला मला वेळ नाही, आणि आज पहिल्यांदाच वाटतंय की सरांनाही नाही.

वर्षाराणीनं टाळ्या वाजवल्या, शिवराजनं पण. काकांनी सगळ्यांना पेढे वाटले. अक्कांनी अर्धा खाल्ला, दुधात विरघळवून. आता घशातून दुर्बीण घालून बघायचं ते फेब्रुवारीत. तोवर वाट बघायची. मला वाट बघणं जमत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

गेल्या आठवड्यात दुर्बीण झाली. आत जिथं गाठ होती तिथला तुकडा तपासायला पाठवला होता. रिपोर्ट आज आला.

सरांनी मला बोलावून घेतलं. चेहऱ्यावरून ह्या माणसाचं कधी काही कळत नाही. अक्का-काका समोर बसलेले. अक्कांना मराठी समजतं हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण त्या म्हणाल्या, "हिच्या तोंडून ऐकते." हिच्या तोंडून! ह्याच तोंडून एकदा काय झालं होतं ते काय त्या विसरल्या?

सर सावकाश म्हणाले, "गाठ दिसत नाही. तुकड्यातही काही सापडलं नाही. पण पूर्ण बरं झालं, असं मी आज म्हणणार नाही. तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालायची. मधे घास अडकायला लागला तर त्याच दिवशी यायचं, वाट बघायची नाही. काढे नाहीत."

मी एकेक वाक्य कानडीत सांगितलं. पुढचं म्हणायच्या आधी दर वेळी थांबले. "गाठ दिसत नाही" म्हटल्यावर काकांनी उपरणं तोंडाशी नेलं. अक्का हलल्यासुद्धा नाहीत. पुढचं ऐकायला तशाच बसून होत्या. सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "आता तुम्ही सांगा अक्का. मी काय सांगितलं?"

त्यांनी बोटं मोजली. "गाठ दिसत नाही. तुकड्यात पण नाही. पण बरी झाले म्हणून गावभर सांगायचं नाही. तीन महिन्यांनी यायचं. घास अडकला तर त्याच दिवशी. काढे बंद." मग अंगठा धरून म्हणाल्या, "आणि भाकरी खायची."

"भाकरीचं कुणी काही बोललं नाही, अक्का."

"मी बोलते."

सरांनी विचारलं, "काय म्हणतायत?"

"सर, भाकरी खाणार म्हणतायत. विचारत नाहीयेत, सांगतायत."

सरांनी दुर्बिणीचे फोटो पुन्हा एकदा उजेडात धरले. एवढी तर मी रिपोर्ट यायच्या आधीही घाबरले नव्हते. "कडक नको," सर म्हणाले. "दुधात कुस्करून, थोडी थोडी. आजपासून चालेल."

मी तसंच्या तसं सांगितलं. ह्या वेळी मला विचारावंही लागलं नाही. अक्कांनी स्वतःच परत म्हणून दाखवलं: कडक नको, दुधात कुस्करून, थोडी थोडी, आजपासून. मग काकांकडं वळून शेवटचा शब्द पुन्हा एकदा म्हणाल्या. इवत्तिंद. आजपासून.